शेवटची बादली

गेल्या एप्रिलमध्ये बालाघाटकडच्या एका लग्नाहून आम्ही दुपारी दोन-अडीचला गोंदियाजवळच्या कुडव्याला परतलो. गाडी धुळीने माखली होती. संध्याकाळी पुन्हा एका घरी जायचं होतं, म्हणून साडी बदलली आणि लगेच पाइप हातात घेतला. अंगणात ऊन रणरणत होतं. बोअरच्या पाण्याने धूळ उतरवली. मग आरओ मशीनमधून निघणारं जास्तीचं पाणी आम्ही टबात साठवून ठेवतो, ते वाया जाऊ नये म्हणून शेवटी गाडीवर ओतलं. फडकं आणायला आत गेले आणि बाहेर आले तोवर छत, बोनेट, डिकी, सगळं आपोआप वाळून गेलं होतं. फडक्याची गरजच उरली नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.

संध्याकाळी तिरपं ऊन बोनेटवर पडलं तेव्हा दिसलं. गडद निळ्या रंगावर मुगाच्या दाण्याएवढे शेकडो पांढुरके गोल, छतावर तर वीतभर जागाही मोकळी नव्हती. मुलाने ओलं फडकं फिरवलं. पाणी असेपर्यंत गोल दिसेनासे झाले आणि वाळल्यावर होते तिथेच परत आले. "आई, पुसूनही जात नाही गं," तो म्हणाला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कठीण पाणी आणि मृदू पाणी हा धडा मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिला आहे की समीकरणं तोंडपाठ आहेत. त्या संध्याकाळी ते समीकरण माझ्या बोनेटवर उतरलेलं होतं. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं किंवा उडून गेलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे खडूचाच भाऊ, आणि ते साध्या पाण्यात पुन्हा विरघळत नाही. गिझरच्या कॉइलवर बसतो तो थर, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला दिसतो तो थर, आणि गाडीवरचा डाग, तिन्ही एकच.

सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बोरच्या पाण्यात तुरीची डाळ कधी शिजली का? डाळीले वेगळं पाणी भरा लागते. गाडीलेही लागत असन." आमच्याकडे अजूनही डाळीसाठी पाणी वेगळं भरतात. त्यांच्या त्या वाक्यापासून माझं गाडी धुणं बदललं.

दुसऱ्या दिवशी शाळेतलं टीडीएस मीटर घरी आणलं. पेनासारखं असतं, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा अंदाज लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवतं. आमच्या बोअरचं पाणी ६४०. आरओचं पिण्याचं पाणी ५०. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून निघणारं, मी मोठ्या काटकसरीने गाडीवर ओतलेलं पाणी जवळजवळ ९००. यात नवल काही नाही. आरओ मशीन क्षार नष्ट करत नाही. पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार ते उरलेल्या पाण्यात ढकलतं, त्यामुळे ते पाणी मूळ पाण्याहून जड होतं. ते संडासात टाकावं, फरशी पुसायला वापरावं. गाडीवर मात्र कधीच नाही. काटकसर म्हणून कितीतरी घरांत हीच चूक होते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

६४० हा आकडा कागदावर निरुपद्रवी वाटतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, विरघळलेल्या घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे हे पाणी पिण्यासाठी हद्दीतलंच. पण १५ लिटरच्या बादलीचा हिशेब करा: त्या एका बादलीत साडेनऊ ग्रॅम क्षार आहेत. चहाचे दोन चमचे भरून खडूची पूड गाडीवर शिंपडावी, तसंच हे, फक्त शिंपडताना दिसत नाही. पाणी उडतं, पूड राहते.

डाग गोलच का आणि त्याची कड ठळक का, हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो मलाही आवडला. भिंग घेऊन पाहिलं तर डागाच्या मधोमध जवळजवळ काहीच नसतं, सगळा पांढरेपणा काठावर. शेतात झाडाला आळं करतात तसं. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याचं कारण मांडलं. ते कॉफीच्या थेंबाच्या डागावर काम करत होते. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते, आत सरकत नाही. काठावर पाण्याचा थर पातळ, तिथून ते लवकर उडतं, आणि ती तूट भरायला थेंबाच्या मध्यातलं पाणी सतत काठाकडे वाहत राहतं. वाहताना आपल्यातलं सगळं बरोबर नेतं आणि काठावर टाकतं. म्हणजे वाळत असलेला थेंब दिसायला स्वस्थ असतो, पण आतून तो शेवटपर्यंत ओझी वाहत असतो. हे कळल्यापासून गाडीवर थेंब उभा दिसला की मला राहवत नाही.

उपाय दोनच उरतात. थेंब गाडीवर वाळू द्यायचा नाही, किंवा शेवटचा थेंब असा असावा की ज्याच्याकडे मागे ठेवायला काही नाही. मी दोन्ही करते.

शेवटच्या बादलीसाठीचं पाणी शोधायला मला लांब जावं लागलं नाही. एसीच्या नळीतून जे पाणी टपकतं ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असतं, जमिनीला ते लागलेलंच नसतं. मीटर बुडवलं, आकडा १२. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की नळीला जेमतेम थेंब येतो. पण मृग लागला, दमट झालं की रात्रभरात अर्धी-पाऊण बादली सहज भरते. पावसाचं पाणीही तसंच. पहिल्या एक-दोन सरी छताची धूळ आणि पाखरांची घाण घेऊन उतरतात, त्या जाऊ द्याव्या. नंतरचं पाणी पागोळीखालच्या ड्रममध्ये धरावं, फडक्याने गाळावं आणि ड्रमचं तोंड घट्ट बांधावं, नाहीतर डासांची पैदास व्हायची. हिवाळ्या-उन्हाळ्यात दोन्ही नसतील तर आरओचं पिण्याचं पाणी चार-पाच लिटर. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र चुकूनही नको. कूलरच्या जाळीवर, वाळ्याच्या पडद्यावर मे अखेरीस जो पांढरा खवला जमतो तो पाहिलाय ना? पंखा दिवसभर पाणी उडवतो, क्षार टाकीत साठत जातात, आपण वरून आणखी बोअरचं पाणी भरतो. विदर्भातल्या घरात याहून जड पाणी सापडायचं नाही.

आमच्या गावात डागांना आणखी एक जोड आहे. गोंदिया ही तांदळाची बाजारपेठ. दिवाळीनंतर नवा धान निघाला की राईस मिलची धुराडी सुरू होतात. उसन्या तांदळासाठी धान वाफवतात, त्या बॉयलरला भुसाच जाळतात. धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा भुसा निघतो, आणि जळालेल्या भुशाचा पुन्हा पाचवा हिस्सा राख होते. वारा जिकडचा असेल तिकडच्या छपरांवर, वाळवणावर आणि गाड्यांवर ती करडी राख उतरते. चिमटीत धरली तर रेशमासारखी मऊ वाटते, पण या राखेत पंच्याऐंशी-नव्वद टक्के सिलिका असते, वाळूत असते तीच. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर पन्नास मायक्रॉनच्या आसपास, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. त्यावर सकाळी उठून कोरडं फडकं मारायचं म्हणजे सँडपेपर फिरवायचा.

शेजारचे काकाजी रेल्वेतून निवृत्त झाले, फार शिस्तीचे. रोज सहाला बाहेर येऊन काळी गाडी कोरड्या फडक्याने पुसतात. मी एकदा म्हटलं, काकाजी, आधी पाणी मारा ना. "बाई, रोज पुसतो म्हणून तर चमकते," ते म्हणाले. दुपारी त्यांच्या बोनेटवर सूर्य आला तेव्हा मी त्यांना तिथेच उभं करून दाखवलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा होत्या. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. आता ते आधी पाणी मारतात.

हिवाळ्यात तर गाडी न धुताच डाग पडतात, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. रात्री उघड्यावर उभ्या गाडीवर दव पडतं. दव हे स्वतः निर्मळ पाणी, पण थेंब राखेत आणि धुळीत बसतो, त्यातलं विरघळेल ते विरघळवतो आणि आठ वाजता उन्हाने वाळून आपलं आळं मागे ठेवतो. डिसेंबरमध्ये गाडीवर कापड टाकायचं किंवा मांडवाखाली उभी करायची, ती याचसाठी.

आता रविवारची रीत सांगते. सकाळी सहाला सुरुवात. गाडी रात्रभर उभी असल्याने बोनेट थंड असतं. बाहेरून फिरून आलेल्या गाडीवर पाणी ओतायचंच नाही, हाताचा तळवा बोनेटवर आरामात टेकेल इतकं निवल्यावरच. आमच्या अंगणात साडेसातला ऊन येतं, म्हणून तेवढ्या वेळात काम उरकायचं असतं.

आधी चाकं. त्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, कारण ब्रेकच्या लायनरची काळी भुकटी लोखंडी असते आणि ती बाकी गाडीला लागता कामा नये. मग पाइपने वरून खाली नुसतं पाणी, अजून हात लावायचा नाही. राख आणि रेती जेवढी पाण्याने जाईल तेवढी जाऊ द्यायची. या एका पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, आणि पुन्हा शाम्पूकडे जाण्याआधी साध्या पाण्यात पिळून काढायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ बसतो तो पाहिला की कळतं, एकाच बादलीत काम केलं असतं तर हे सगळं आपण गाडीवर परत घासलं असतं. कपड्यांची पावडर किंवा अंगाचा साबण नको. अंगाचा साबण जड पाण्यात फेस देत नाही, त्याची चिकट साय होते आणि तीच रंगावर बसते. पावडरमधला सोडा रंगावर लावलेलं मेण ओरबाडून काढतो.

क्रम वरून खाली: छत, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी चिखलाचा खालचा पट्टा. एक बाजू धुताना दुसरी वाळत नाही ना, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहायचं. वाळतेय असं वाटलं की तिच्यावर थोडं पाणी. मे महिन्यात तर मी अर्धी गाडीच धुते, पुसते, मग उरलेली अर्धी.

साबण उतरल्यावर पाइपचं टोकाचं फवाऱ्याचं नोझल काढून टाकते. ही गोष्ट मला नुसत्या निरीक्षणातून सापडली आणि आजही ती पाहताना आनंद होतो. फवारा मारला की लाखो थेंब होतात. पण नळ मंद ठेवून पाइपचं उघडं तोंड छताच्या अगदी जवळ धरलं की पाणी चादरीसारखं पसरतं, आणि ती चादर घसरताना वाटेतले थेंब आपल्यात ओढून घेते. पाण्याला पाण्याची ओढ असते. छतावरून, मग काचेवरून, मग बोनेटवरून अशी चादर सोडत गेलं की गाडीवरचं तीन-चतुर्थांश पाणी स्वतःच निघून जातं. नव्याने मेण लावलेल्या गाडीवर पाणी मोत्यांसारखं उभं राहतं आणि लोक ते फोटोत दाखवतात. दारांवरून ते मोती ओघळतात हे खरं, पण सपाट छतावरचा प्रत्येक मोती म्हणजे एक होऊ घातलेला डाग. मेण लावलेल्या गाडीला पुसणं जास्त लागतं, कमी नाही.

मग शेवटची बादली. एसीचं नाहीतर पावसाचं पाणी, झाडांना घालायच्या झारीत भरते आणि छतापासून हळूहळू सोडते. पाच लिटर पुरतं. बोअरचं जड पाणी याने धुऊन निघतं, आणि एखादा थेंब नजरेतून सुटला तरी त्याच्यात मागे ठेवायला फारसं काही नसतं.

पुसायला जाड मायक्रोफायबरचा टॉवेल हवा, चांगला मोठा. पूर्वी मी जुना सुती दुपट्टा वापरायची. तो पाणी टिपतो, पण लवकर भिजतो, आणि एकदा भिजला की पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतो. टॉवेल छतावर उघडून पसरायचा, दोन टोकं धरायची आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने सावकाश ओढायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही. दारांवर नुसतं थापटायचं, बाळाचं अंग टिपतात तसं. टॉवेल वेगळा धुवावा, कंडिशनर न घालता, कारण त्याने धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी पिणं सोडतो.

हे पुसणं मी पहिल्यांदा पाहिलं ते बैलांचं. आमच्या गावी पोळ्याच्या दिवशी बाबा बैलांना बोडीत नेत. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, आपल्या भागात ती जागोजागी, पावसाच्या पाण्याने भरलेली. तणसाच्या बोळ्याने घासून, खळाळून धुऊन बाहेर आणलं की बाबा बैलाला उन्हात कधी उभं करत नसत. आंब्याच्या सावलीत नेऊन आधी पाठ, मग पोट, मग शिंगांच्या मुळाशी, कानांच्या मागे फडकं फिरवत. शिंगाच्या मुळाशी पाणी राहिलं तर तिथे माशी बसते, असं ते सांगायचे. गाडीचे आरसे पुसताना मला ते आठवतं, कारण गाडीतही पाणी असंच आडोशाला लपतं.

सगळी गाडी कोरडी करून तुम्ही चहा प्यायला आत जाता आणि बाहेर येता तर आरशाखालून एक पांढरी धार दारावर वाळलेली असते. आरशाचा डबा, दारांची हँडल, नंबर प्लेटची मागची बाजू, मागच्या दिव्यांच्या फटी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, काचेखालचं रबर: या सगळ्या जागा पाणी धरून ठेवतात. मी दारं, बोनेट आणि डिकी एकेकदा उघडून बंद करते, कडा टिपते, आणि मग नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येते. वाऱ्याने लपलेलं पाणी बाहेर निघतं, ब्रेकही कोरडे होतात. परत आल्यावर एक छोटं फडकं घेऊन त्या धारा ओल्या असतानाच पुसायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि घरी धुतलेल्या बहुतेक गाड्या याच दोन मिनिटांत चुकतात.

एप्रिलमधल्या डागांचं काय झालं? पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून, सावलीत, थंड गाडीवर, ओल्या फडक्याने मिनिटभर टेकवलं आणि लगेच भरपूर पाण्याने धुतलं. कार्बोनेट आम्लात विरघळतं. दाराचे, डिकीचे, बोनेटचे बरेचसे डाग गेले. ही काही दर आठवड्याची पद्धत नव्हे, आम्ल मेणही उतरवतं, म्हणून नंतर पुन्हा मेण लावावं लागलं. पण छतावरचे वीस-पंचवीस गोल गेले नाहीत. तापलेल्या पत्र्यावर क्षार वाळताना तिथला पारदर्शक थरच त्यांनी खाल्ला आहे. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, पण तिरप्या उन्हात आजही दिसतात. रंगकाम करणाऱ्याने पॉलिश कंपाऊंडने घासून द्यायची तयारी दाखवली होती. पण त्यात आधीच बारीक असलेला तो थर आणखी कमी होतो, म्हणून मी नको म्हटलं.

पाण्याचा हिशेबही सांगायला हवा, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर ओढायला लागतात. पूर्वी पाइप अर्धा तास चालू असायचा, त्यात दीडशे लिटर तरी जात असतील. आता चाकांची एक बादली, दोन धुण्याच्या, मधे मोजून सोडलेला पाइप आणि शेवटची झारी मिळून साठ-सत्तर लिटरमध्ये होतं. तिन्ही बादल्यांत उरलेलं पाणी अंगण धुवायला जातं.

या रविवारी गाडी धुणार असाल तर शनिवारी रात्री एसीच्या नळीखाली एक स्वच्छ बादली ठेवा. नळीला पाणी येत नसेल तर पाच लिटर पिण्याचं पाणी बाजूला काढा. आणि आरओचं उरलेलं पाणी गाडीपासून लांब ठेवा.